चीनचे ख्रिस्ती सेनापती फेंग यू-श्यांग

सुमारे शंभर वर्षांपूर्वी मिशनच्या अहवालांत आणि मंडळ्यांच्या मासिकांत एका चिनी सेनापतीचे नाव वारंवार येत असे. त्यांच्या पलटणी कवायतीला जाताना स्तोत्रे गातात, जेवणापूर्वी प्रार्थना करतात, लूट करीत नाहीत, अशी वर्णने वाचून दूरदूरच्या मंडळ्या देवाचे उपकार मानीत. १९२३ साली चायना इनलँड मिशनने त्यांचे चरित्रही छापले. तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी जेमतेम ओलांडली होती. पुढे पाच वर्षे होतात न होतात तोच हे नाव त्याच पानांवरून नाहीसे झाले. जिवंत माणसाचे चरित्र लिहिण्याची घाई करू नये असे आमचे एक जुने मत आहे, आणि फेंग यू-श्यांग यांच्या बाबतीत ते पटतेही. पण ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले त्यांनीच त्यांना इतक्या लवकर टाकून का दिले, हेही पाहिले पाहिजे. म्हणून ही हकिगत आम्ही पहिल्यापासून सांगतो.

फेंग यांचा जन्म १८८२ साली उत्तर चीनमध्ये झाला. ते वाढले पाओतिंग या लष्करी ठाण्याच्या गावी. (सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ साली ज्या तांग तालुक्यात वारले तो याच पाओतिंगच्या मुलखात आहे.) बाप लष्करात हलक्या हुद्द्यावर होता. आईबाप दोघांनाही अफूचे व्यसन. घरात जे काही होते ते गहाण पडत गेले. आई लवकर वारली. शाळेचे तोंड मुलाने जेमतेम वर्षसव्वावर्ष पाहिले. अकराव्या वर्षाच्या सुमारास पलटणीत एक जागा रिकामी झाली, तेव्हा कोणा दयाळू अधिकाऱ्याने ती या गरीब मुलाला द्यावी म्हणून त्याचे नाव हजेरीपटावर घातले. मुलाचे नाव काय हे मात्र विचारायला सवड नव्हती, म्हणून मनास आले ते लिहिले: यू-श्यांग. घरचे खरे नाव होते ची-शान. त्या नावातले पहिले अक्षर चिनी भाषेत ख्रिस्त या शब्दात येते. योगायोगच, पण पुढे कित्येकांना त्यात अर्थ दिसला.

पोरवयातला हा शिपाई ख्रिस्ती लोकांचा मित्र मुळीच नव्हता. ते स्वतः नंतर हसून सांगत की, एकदा एक उपदेशक अंगरखा मागणाऱ्याला झगाही द्यावा या वचनावर बोलत होता. फेंग आणि त्यांचे सोबती ऐकून घेऊन उठले आणि त्याच्या प्रार्थनागृहातले टेबल उचलून चालू लागले. उपदेशक मागे धावला तेव्हा त्यांनी त्याला त्याच्याच उपदेशाची आठवण दिली. संडेस्कूलच्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. मात्र टेबल परत मिळाले की नाही असे मुले विचारणार, ही तयारी ठेवावी.

मग १९०० साल आले. बॉक्सर लोकांनी परदेशी माणसांवर आणि चिनी ख्रिस्ती बांधवांवर शस्त्र धरले. पाओतिंग येथे अमेरिकन बोर्डाचे ठाणे होते. हे तेच बोर्ड, ज्याने १८१३ पासून मुंबईत आणि पुढे अहमदनगर, सोलापूर, सातारा येथे अमेरिकन मराठी मिशन चालविले. आपल्यापैकी पुष्कळांचे आजेपणजे त्याच मिशनच्या शाळांत शिकले. पाओतिंगच्या ठाण्यात मेरी मॉरिल नावाच्या बाई होत्या. जमाव चालून आला तेव्हा त्या त्याला सामोऱ्या गेल्या आणि इतरांना सोडून आपला जीव घ्या अशी विनवणी त्यांनी केली, अशी हकिगत सांगतात. त्यांनाही मारले आणि इतरांनाही. त्या गर्दीच्या आसपास १७ वर्षांचे फेंग शिपाई म्हणून होते आणि तो देखावा त्यांच्या मनातून गेला नाही, असे पुढे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले. आणखी एक गोष्ट ते सांगत. मिशनच्या डॉक्टराने त्यांचा आजार बरा केला, पैसे घेतले नाहीत, आणि आभार देवाचे मानावेत एवढेच सांगितले. १९१३ साली जॉन मॉट यांची पेकिंगमधील व्याख्याने त्यांनी ऐकली आणि १९१४ साली तेथील मेथडिस्ट एपिस्कोपल मंडळीत बाप्तिस्मा घेतला. आपल्या बेळगाव-बडोद्याच्या मेथडिस्ट मंडळ्या त्याच झाडाच्या फांद्या.

तेव्हाच्या चीनची स्थिती समजल्याशिवाय पुढचे कळणार नाही. १९११-१२ मध्ये मांचू बादशाही पडली आणि प्रजासत्ताक आले, पण नावापुरतेच. प्रांतोप्रांती लष्करी सरदार बसले. आपल्याकडे माळव्यात आणि दक्षिणेत पेंढाऱ्यांच्या गोष्टी अजून सांगतात. चिनी खेडुताला लष्कर आणि पेंढारी यांत फरक करता येत नसे. चांगल्या लोखंडाचे खिळे करू नयेत आणि चांगल्या माणसाने शिपाई होऊ नये, अशी तिकडे म्हणच आहे.

अशा देशात फेंग यांनी १९१८ ते १९२० या काळात हूनान प्रांतातील चांगते शहरात जे करून दाखविले त्याचे मोल कमी नव्हते. शहरातील अफूचे आणि जुगाराचे अड्डे बंद झाले. शिपायांना वाचायला-लिहायला शिकविले. विणकाम, सुतारकाम, जोडे शिवणे असे धंदे शिकविले, कारण पलटणीतून सुटलेला माणूस पोटासाठी दरोडेखोर होतो हे फेंग यांनी लहानपणापासून पाहिले होते. अंगावरचे कापड आणि पोटातले अन्न कोणी दिले, असे ते शिपायांना रोज विचारीत, आणि ते लोकांनी दिले असे सर्वांनी एका सुरात सांगायचे. स्वतः सेनापती साध्या शिपायाचा सुती गणवेश घालीत. अधिकाऱ्यांनी विडी-दारू सोडली. १९१९ साली कॅनडाचे मिशनरी जोनाथन गोफर्थ यांनी छावणीत सभा घेतल्या आणि शेकडो शिपायांचा बाप्तिस्मा झाला. पाण्याच्या नळाने एकदम सगळ्या पलटणीचा बाप्तिस्मा केला ही गोष्ट मात्र कोणा थट्टेखोराची आहे. ती आम्हीही लहानपणी ऐकली होती आणि खरी मानली होती.

पण याच माणसाची दुसरी बाजूही आम्ही झाकून ठेवणार नाही. १९२१ साली शेन्सी प्रांतात एका बंडखोर पुढाऱ्याला त्यांनी मेजवानीस बोलाविले आणि तेथेच धरून ठार करविले. तो पुढारी प्रजेला छळणारा होता असे समर्थन तेव्हा झाले, आणि मिशनरी लेखकांपैकी काहींनी ते मान्यही केले. आम्हांस ते मान्य करता येत नाही. पाहुण्याच्या ताटाला धक्का लावणे आपल्याकडेही पाप मानतात, आणि तिकडेही मानीत असतील.

१९२३ अखेर त्यांची पत्नी वारली. पुढच्या वर्षी त्यांनी ली ते-छ्वान यांच्याशी विवाह केला. या बाई पेकिंगजवळच्या तुंगचौ येथील ख्रिस्ती घराण्यातल्या, मिशनच्या महाविद्यालयात शिकलेल्या आणि पेकिंगच्या वाय. डब्ल्यू. सी. ए.च्या चिटणीस होत्या. त्यांचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ऑक्टोबर १९२४ मध्ये उत्तरेतील सरदारांची लढाई जुंपली असता फेंग यांनी आपल्याच वरिष्ठाकडे पाठ फिरविली. २३ तारखेस पहाटे त्यांच्या फौजेने एकही गोळी न झाडता पेकिंग ताब्यात घेतले आणि अध्यक्षाला अटक केली. ५ नोव्हेंबरला १८ वर्षांच्या माजी बादशहाला, पू-यीला, काही तासांची मुदत देऊन राजवाड्याबाहेर काढले. या उठावामागे जपानी पैसाही होता असे अनेक इतिहासकार सांगतात. फेंग यांनी आपल्या फौजेला राष्ट्रीय सेना हे नाव दिले आणि दक्षिणेतून डॉ. सन यत्-सेन यांना निमंत्रण धाडले. सन हे प्रजासत्ताकाचे जनक आणि स्वतः ख्रिस्ती. ते आले, पण आजारी होऊनच. १२ मार्च १९२५ रोजी पेकिंगमध्ये त्यांचे निधन झाले. फेंग यांची आणि त्यांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही.

सन यांनी मागे एक मोठा वाडा ठेवला होता आणि त्यात दोन भाऊबंद राहात होते. एक त्यांचा राष्ट्रवादी पक्ष, कुओमिन्तांग. दुसरा १९२१ साली शांघायमध्ये स्थापन झालेला छोटा कम्युनिस्ट पक्ष. रशियाच्या मदतीने सरदारांना हटवायचे म्हणून सन यांनी १९२४ साली कम्युनिस्टांना आपल्या पक्षात प्रवेश दिला. व्हांपोआच्या लष्करी शाळेत चँग कै-शेक प्रमुख होते आणि चौ एन-लाय राजकीय शिक्षण देत होते. म्हातारा गेल्यावर वाडा कोणाचा हा प्रश्न उरला, आणि त्याचा निकाल लागायला पंचवीस वर्षे आणि लाखो जीव लागले. खुद्द सन यांच्या सासुरवाडीतच फूट पडली. सासरे चार्ली सूंग मेथडिस्ट उपदेशक होते आणि पवित्र शास्त्र छापण्याचा त्यांचा छापखाना होता. त्यांची एक मुलगी, सन यांची विधवा, पुढे कम्युनिस्टांच्या बाजूस गेली. धाकटी चँग कै-शेक यांची पत्नी झाली. एकाच कौटुंबिक प्रार्थनेत गुडघे टेकलेल्या बहिणी त्या.

फेंग यांना दोन्हीकडून बोलावणे होते. त्यांचे मन मिशनरींपासून दूर जाण्याचे कारण मात्र आम्हांस ३० मे १९२५ च्या घटनेत दिसते. त्या दिवशी शांघायमध्ये ब्रिटिशांच्या हुकमतीखालील पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला आणि चिनी विद्यार्थी व इतर लोक ठार झाले. फेंग यांनी जगातल्या ख्रिस्ती लोकांना जाहीर आवाहन केले की, या अन्यायाविरुद्ध बोला. काही मिशनरी बोलले. पुष्कळ बोलले नाहीत, आणि काहींनी तर सेनापतींचीच कानउघाडणी केली. ज्यांनी त्यांना आदर्श ख्रिस्ती म्हणून मिरविले होते ते, त्यांच्या माणसांचे रक्त सांडले तेव्हा, गप्प बसले. आमच्या मते फेंग यांच्या ख्रिस्ती जीवनाला लागलेला हा सर्वांत मोठा घाव होता.

बंदुका रशियाकडून आल्या, बंदुकांबरोबर सल्लागार आले. मे १९२६ मध्ये फेंग मॉस्कोला गेले, तीन महिने राहिले आणि कुओमिन्तांगचे सभासद झाले. परत येऊन १७ सप्टेंबरला वूयुआन येथे त्यांनी फौजेसह शपथ घेतली आणि वर्षअखेरीस महिनोन्‌महिने वेढ्यात उपाशी मरणारे सीआन शहर सोडविले. आता छावणीत पाळकांच्या जागी राजकीय शिक्षक आले. स्तोत्रांच्या जागी क्रांतीची गाणी आली. सीआनच्या लष्करी शाळेत शिकविणाऱ्यांत मॉस्कोहून आलेला २२ वर्षांचा एक तरुण कम्युनिस्ट होता; त्याचे नाव तंग श्याव-फिंग. पुढे चीनची सूत्रे ज्यांच्या हाती आली तेच हे.

१२ एप्रिल १९२७ रोजी चँग कै-शेक यांनी शांघायमध्ये कम्युनिस्टांची कत्तल सुरू केली. कुओमिन्तांगची दोन सरकारे झाली: नानकिंगला चँग यांचे, वूहानला डाव्यांचे. दोघांच्या मधोमध, रेल्वेच्या नाक्यावर, मोठी फौज घेऊन फेंग बसले होते. जून महिन्यात त्यांनी आधी चंगचौ येथे वूहानवाल्यांची भेट घेतली. दहा दिवसांत ते स्यूचौ येथे चँग यांना भेटले. चँग यांच्यापाशी पैसा होता आणि पगाराविना राहिलेल्या फौजेच्या सेनापतीला तो हवा होता. फेंग यांनी तराजू चँग यांच्याकडे झुकविला. रशियन सल्लागार बोरोदिन यांना घालवून द्या, अशी तार वूहानला गेली.

येथे एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदविली पाहिजे. शांघायमध्ये चाललेला प्रकार त्यांनी आपल्या छावणीत होऊ दिला नाही. आपल्याकडच्या कम्युनिस्टांना त्यांनी वाटखर्च देऊन निरोप दिला, तंग हेही त्यांतच गेले. बोरोदिनलाही आपल्या मुलखातून सुखरूप रशियाला जाऊ दिले. पुढच्या वर्षी शेन्सीत शेतकऱ्यांचा उठाव झाला तेव्हा मात्र त्यांच्याच फौजेने तो रक्त सांडून मोडला. हूनान प्रांतातला सेनापती आणि होनान प्रांतातला सुभेदार हे एकच होते की नाही असा प्रश्न पडावा अशीही कामे झाली. होनानात त्यांनी बौद्ध भिक्षूंना हाकलून देवळांच्या शाळा आणि बाजार केले. शाळा निघाल्या याचा आनंद कोणालाही होईल; पण तलवारीच्या धाकाने दुसऱ्याचे मंदिर रिकामे करण्यात ख्रिस्ताचे नाव वाढते असे म्हणणाऱ्यांशी आमचा वाद आहे.

१९२८ च्या आरंभी फेंग आणि चँग शपथेचे भाऊ झाले. त्याच वर्षी उत्तर-पश्चिमेत भयंकर दुष्काळ सुरू झाला, तो १९३० पर्यंत टिकला, आणि लाखो माणसे मेली. फौजेचे पोट भरण्यासाठी त्या मुलखावर बसविलेले कर उठले नाहीत. ज्या सेनापतीने शिपायांना अन्नदात्याचे नाव रोज घ्यायला लावले त्याच्याच राज्यात अन्नदाता उपाशी मेला. १९२९ साली शपथेचे भाऊ फुटले. चँग यांच्या चांदीने काम केले आणि फेंग यांनी पोरवयापासून घडविलेले हान फू-चू व शी यौ-सान हे अधिकारी फौजा घेऊन पलीकडे गेले. १९३० च्या मे महिन्यात मध्य चीनच्या मैदानावर दोन्हीकडे मिळून दहा लाखांवर माणसे एकमेकांपुढे उभी राहिली. सप्टेंबरात मांचूरियाचा तरुण सेनापती चँग यांच्या मदतीस आला आणि फेंग यांची फौज विरून गेली. त्या युद्धाच्या अगदी शेवटी, २३ ऑक्टोबर १९३० रोजी, शांघायमध्ये सूंग कुटुंबाच्या घरी चँग कै-शेक यांनी बाप्तिस्मा घेतला. तो देणारे पाळक मेथडिस्टच होते. मंडळीच्या मासिकांना नवा ख्रिस्ती सेनापती मिळाला.

आणि हे दोघे लढत असता डोंगराळ क्यांगसी प्रांतात माओ त्से-तुंग आपले शेतकरी सैन्य जमवीत होते, इकडे कोणाचेही पुरते लक्ष नव्हते.

फौज गेल्यावर फेंग शान्तुंगमधील ताय पर्वताच्या पायथ्याशी एका जुन्या मठात जाऊन राहिले. आम्हांस त्यांचा हा काळ सर्वांत आवडतो. त्यांनी शिक्षक ठेवून अभ्यास केला, मार्क्सचे अर्थशास्त्रही वाचले. डोंगरातल्या गरीब मुलांसाठी शाळा काढल्या आणि त्यांना वू श्यून या भिकाऱ्याचे नाव दिले. हा वू श्यून भीक मागून मिळालेल्या पैशातून शाळा बांधीत असे.

मधेच १९३३ च्या मे महिन्यात ते पुन्हा उठले. जपान मांचूरिया गिळून पुढे सरकत होता आणि चँग यांचा सारा जोर कम्युनिस्टांना निपटण्यावर होता. फेंग यांनी चाहार प्रांतात जपानविरोधी फौज उभी केली. तिच्यात कम्युनिस्टही होते. त्यांचा जुना अधिकारी ची हुंग-छांग, जो आता कम्युनिस्ट झाला होता, त्याने जुलैत तोलुन शहर परत घेतले. नानकिंग सरकारने जपानवर नव्हे तर फेंग यांच्यावर दडपण आणले आणि ऑगस्टमध्ये त्यांना ते काम सोडावे लागले. ची हुंग-छांग याला पुढच्या वर्षी कुओमिन्तांग सरकारने गोळी घातली. फेंग पर्वताकडे परतले. १९३५ अखेर देशावरचे संकट पाहून ते नानकिंगला गेले आणि मोठ्या नावाचे, पण हाती अधिकार नसलेले एक पद त्यांनी स्वीकारले. जपानशी युद्ध पेटल्यावर ते गावोगाव हिंडून लढाईसाठी वर्गणी गोळा करीत.

१९४६ साली चँग यांनी त्यांना पाटबंधाऱ्यांचा अभ्यास करण्यासाठी म्हणून अमेरिकेस धाडले. खरा हेतू त्यांना दूर ठेवण्याचा होता हे उघड आहे. चीनमध्ये यादवी पुन्हा भडकली होती. ज्या देशाच्या मंडळ्यांनी त्यांना एके काळी उचलून धरले त्याच देशात आता ते सभांतून सांगू लागले की, चँग यांना पैसा आणि शस्त्रे देऊ नका, ती चिनी माणसांवरच चालतात. काही जणांनी ऐकले. पुष्कळांना मात्र हा म्हातारा कम्युनिस्टांच्या हातचे बाहुले झाला असे वाटले. आमचे मत विचाराल तर, ते बाहुले नव्हते. त्यांनी आयुष्यात इतक्यांना सोडले होते की कोणाच्याही हाती फार वेळ राहाणे त्यांना जमलेच नाही. जानेवारी १९४८ मध्ये कुओमिन्तांगने त्यांना पक्षातून काढले. त्याच सुमारास हाँगकाँगमध्ये चँग यांच्या विरोधकांनी कुओमिन्तांगची क्रांतिकारी समिती स्थापली, तिच्या पुढाऱ्यांत त्यांचे नाव होते.

नव्या सरकारच्या वाटाघाटींत भाग घेण्यासाठी ते ३१ जुलै १९४८ रोजी न्यूयॉर्कहून 'पोबेदा' या रशियन जहाजाने सहकुटुंब निघाले. १ सप्टेंबरला, ओडेसा बंदर जवळ आले असता, काळ्या समुद्रात जहाजाला आग लागली. चित्रपटाच्या फिती गुंडाळताना पेट घेतल्याचे चौकशीत ठरले. संशय घेणारे आजही संशय घेतात. फेंग आणि त्यांची एक मुलगी त्या आगीत गेली. ते ६५ वर्षांचे होते.

पत्नी ली ते-छ्वान वाचल्या. पतीच्या अस्थी घेऊन त्या चीनला आल्या. १९४९ च्या ऑक्टोबरात माओंचे सरकार स्थापन झाले तेव्हा वाय. डब्ल्यू. सी. ए.ची ही जुनी चिटणीस आरोग्यमंत्री झाली आणि १९६५ पर्यंत त्या पदावर राहिली. १९७२ साली त्या वारल्या. फेंग यांच्या अस्थी १९५३ साली ताय पर्वताच्या पायथ्याशी, त्यांनी शाळा काढल्या होत्या त्याच बाजूला पुरण्यात आल्या. पर्वत चढायला येणारे लोक वाटेत ती पायऱ्यांची समाधी पाहून जातात.